चौकोनी खिडकीचे वकीलपत्र

राजूरला सध्या चौकोनी खिडकी ही लाज वाटण्याची गोष्ट झाली आहे. एके काळी घराला खिडकी नसली तर लाज वाटायची. मग खिडकी आली, पण गज नसले तर लाज वाटायची. पुढे गजांना रंग नसला तर, गजांपुढे काच नसली तर, काचेपुढे जाळी नसली तर, अशी ही लाज माणसाच्या प्रगतीबरोबर पायरीपायरीने वर चढत गेली. आता ती थेट खिडकीच्या डोक्यावर जाऊन बसली आहे. गज आहेत, काच आहे, डासांची जाळी आहे, पडदा आहे. पण वरची बाजू सरळ आहे ना? मग झालं! आलेला पाहुणा हातातला कप हातातच ठेवून त्या सरळ बाजूकडे बघतो आणि "मुलीचं अजून कुठं जमलं नाही वाटतं?" हे ज्या सुरात विचारतात त्या सुरात विचारतो, "वरती कमान नाही केलीत?"

हा लेख त्या पाहुण्यांच्या विरुद्ध आहे. त्यांच्यापैकी कोणी वाचत असेल तर त्याने खुशाल पान उलटावं. फक्त आधी कप खाली ठेवावा.

ज्यांना राजूर ठाऊक नाही (पेढ्यांमुळे असे लोक आता थोडेच उरले आहेत) त्यांच्यासाठी सांगतो. तालुका अकोले. विदर्भातलं अकोला नव्हे, अकोले. हा खुलासा आम्ही लोक जन्मभर करत आलो आहोत. जिल्हा अहिल्यानगर. २०२४ पर्यंत तो अहमदनगर होता. आमच्या पिढीच्या तोंडी तो तेव्हाही नुसता 'नगर' होता, आताही नुसता 'नगर'च आहे. या जिल्ह्याच्या एका टोकाला लोक टँकरची वाट बघतात आणि दुसऱ्या टोकाला, म्हणजे आमच्याकडे, लोक पाऊस थांबायची वाट बघतात. वर घाटघरला तर वर्षाला पाच-पाच हजार मिलिमीटर कोसळतो. वर्तमानपत्रवाले दर जुलैत न चुकता त्याला 'नगर जिल्ह्याचं चेरापुंजी' म्हणतात. हा पाऊस लक्षात असू द्या. माझ्या बाजूचा मुख्य साक्षीदार तोच आहे. त्याला पुढे पिंजऱ्यात उभा करायचा आहे.

खटला घरातच उभा राहिला. धाकट्या भावाने जुनं कौलारू घर उतरवून त्या जागी स्लॅबचं घर बांधलं. खिडक्या एकंदर नऊ, सगळ्या तीन फूट रुंद, चार फूट उंच, सगळ्या सज्जन आणि चौकोनी. वर लिंटल, लिंटलातून बाहेर काढलेला दीड फुटाचा छज्जा. गवंड्याने ओळंबा धरून बांधलेल्या त्या खिडक्या बघून मला आपलं बरं वाटत होतं. तेवढ्यात पुण्याहून पुतण्या आला. पुतण्या इंटीरियरचं काम करतो. म्हणजे भिंतीला भिंतीसारखं दिसू देत नाही.

"काका, या खिडक्या फार फ्लॅट दिसतात."

"खिडकी फ्लॅटच असते रे. फुगली असती तर तिला भोपळा म्हटलं असतं."

"तसं नाही हो. लूक नाही. वरती हाफ राउंड कमान देऊ. पीव्हीसीची पट्टी मिळते, ती वाकवायची आणि चिकटवायची. दोन दिवसांचं काम."

"म्हणजे खिडकी वरून गोल करणार?"

"छे! खिडकी आहे तशीच. कमान नुसती वरती."

"मग कमानीच्या आत काय?"

"काय म्हणजे? भिंत!"

मंडळी, इथे मी हातातली सुपारी आडकित्त्यात तशीच सोडली. कमान, आणि कमानीच्या आत भिंत! डोळा जागच्या जागी ठेवायचा आणि भुवई कपाळ ओलांडून भांगात काढायची, असा हा प्रकार. त्या अर्ध्या गोलातून ना उजेड येणार, ना वारा, ना समोरच्या घरातलं भांडण ऐकू येणार. मग ती कमान कशाला? तर रस्त्यावरून जाणाऱ्याने "यांच्याकडे कमान आहे" असं म्हणावं म्हणून. गंमत अशी की, रस्त्यावरून जाणारा त्या वेळी आपल्या घराच्या कमानीचा विचार करत असतो.

आता ही पीव्हीसीची पट्टी म्हणजे काय चीज आहे ते सांगतो, कारण शत्रूची माहिती काढल्याशिवाय त्याच्यावर लिहू नये अशी आमची जुन्या वळणाची समजूत आहे. पीव्हीसी आपल्या परिचयाचं आहे. नळाचे पाइप, वायरींवरचं आवरण, पावसाळी चपला, सगळीकडे तेच. त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त, म्हणजे सत्तावन्न टक्के, क्लोरीन असतं आणि ते येतं आपल्या साध्या मिठातून. १९२६ साली अमेरिकेत वॉल्डो सेमन नावाचा एक रसायनज्ञ रबर लोखंडाला चिकटवायचा काही पदार्थ शोधत होता. तो राहिला बाजूला आणि त्याला पीव्हीसी मऊ, लवचिक करायची युक्ती सापडली. योगायोग बघा, त्याच १९२६ साली इकडे आमच्या प्रवरेवर भंडारदऱ्याचं विल्सन धरण पुरं झालं. काम १९१० पासून चाललं होतं. ब्याऐंशी मीटर उंचीची दगडी बांधणी. तिकडे एकजण वस्तू वाकवायची युक्ती काढत होता आणि इकडे आमचे मजूर न वाकणारी वस्तू बांधत होते. तिकडचा माल राजूरच्या खिडकीपर्यंत पोचायला जवळजवळ शंभर वर्षं लागली, याचं श्रेय आमच्या रस्त्यांना आहे.

खिडकीला लावायची पट्टी मात्र मऊ नसते. ती फोम बोर्डाची, हलकी, पांढरीशुभ्र आणि स्वभावाने अगदी सरळ असते. तिला वाकवायचं आहे. यात काय अवघड, असं तुम्हाला वाटेल. मलाही पुतण्याने तसंच सांगितलं. पण पट्टी दोन तऱ्हांनी वाकते. कमरेला पट्टा गुंडाळतो तशी गुंडाळायची असेल तर बारीक पट्टी बिचारी सहज ऐकते. इथे मात्र ती भिंतीला सपाट पाठ टेकवून, जमिनीवर झोपलेल्या माणसाने कुशीवर न वळता कमरेत वाकावं, तशी वाकवायची असते. यात बाहेरची कड ताणली जाते आणि आतली कड चेपली जाते.

किती? शाळेत पाय म्हणजे बावीस सप्तमांश असं घोकलं होतं, त्याचा संसारात पहिल्यांदाच उपयोग झाला. खिडकी तीन फुटांची, म्हणजे कमानीच्या आतल्या कडेची त्रिज्या अठरा इंच. पट्टी चार इंच रुंद, म्हणून बाहेरच्या कडेची त्रिज्या बावीस. अर्धगोलाची आतली कड भरते साडेछप्पन्न इंच आणि बाहेरची एकोणसत्तर. फरक एक फूट आणि वर अर्धा इंच! आणि खरी मौज पुढेच आहे. हा फरक खिडकीच्या आकारावर मुळीच अवलंबून नाही. खिडकी संडासाची असो की कमान शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाची असो, अर्धगोलाला चार इंची पट्टी लावली की बाहेरची कड आतलीपेक्षा एक फूट अर्धा इंच जास्त भरणार म्हणजे भरणारच. मी हे कागदावर मांडून पुतण्याला दाखवलं. म्हटलं, "हा वरचा फूट कुठून आणणार?"

"तापवल्यावर येतो तो," पुतण्या म्हणाला.

तापवल्यावर येतो हे खरं आहे. ऐंशी अंशांच्या पुढे पीव्हीसी नरम पडू लागतं. जाडसर पट्टी न फाटता वळवायची तर ती दीडशेच्या आसपास, सगळीकडून सारखी तापवावी लागते. मग फर्म्यावर दाबून बसवायची आणि पुरती गार होईपर्यंत हलू द्यायची नाही. मोठ्या कारखान्यांत खिडक्यांच्या चौकटी वळवायला गरम ग्लिसरीनचे हौद असतात, मापून उष्णता देणाऱ्या भट्ट्या असतात. तिथे हे काम शिस्तीत होतं आणि त्या कमानीच्या आत काचही असते. त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण पुतण्याच्या पिशवीतल्या पिस्तुलाशी आहे. गरम हवा सोडणारं एक यंत्र त्याने आणलं होतं. ते एका जागी धरलं की पट्टीचा तेवढाच भाग तापायचा, बाकीची पट्टी मख्ख. वाकवली की तापलेला भाग गुडघ्यासारखा मोडायचा आणि आतल्या कडेला सुरकुत्या पडायच्या. पहिली कमान झाली ती कमान नव्हती, गुडघे दुखणाऱ्या माणसाने मांडी घालायचा प्रयत्न केलेला दिसत होता.

वाकवण्याला माझा विरोध आहे असं कोणी समजू नये. वाकवणं ही फार जुनी आणि मानाची विद्या आहे. १८५९ साली मिखाएल थोनेट नावाच्या कारागिराने बीचचं लाकूड वाफेवर नरम करून त्याची एक खुर्ची केली, चौदा नंबरची. त्याच घाटाच्या वाकवलेल्या खुर्च्यांवर बसून मुंबई-पुण्याच्या दोन पिढ्यांनी इराण्याचा चहा प्याला आहे. त्या खुर्चीचा वाक नुसता दिसायला नाही, पाठ टेकायला आहे. आपल्याकडचा लोहार गाडीच्या चाकावर धाव चढवतो तेव्हा गोवऱ्यांच्या जाळात ती लालभडक करतो, चाकावर बसवतो आणि वरून पाणी ओततो. गार होताना धाव आवळते आणि तुंबा, आरे, सगळं चाक करकचून एकजीव होतं. त्या वाकात चाकाचा जीव असतो. आणि आमच्या भागातलं इरलं! बांबूच्या कामट्या वाकवून, वर पानं घालून केलेलं ते पाठीवरचं छप्पर. बाई ओणवी होऊन भात लावत असते, दोन्ही हात चिखलात मोकळे, आणि पाऊस पाठीवरून ओघळून बांधाकडे जातो. छत्री धरून भात लावता येत नाही हे ज्याच्या लक्षात आलं, त्याने हा वाक काढला. अलीकडे इरल्यावर पानांऐवजी प्लास्टिकचा कागद घालतात, आणि तो चांगला टिकतो हे मी बिनशर्त मान्य करतो. तेव्हा मी प्लास्टिकच्याही विरुद्ध नाही. कामाशिवायच्या वाकाच्या विरुद्ध आहे.

आणि कमान? कमान म्हणजे फारसीत धनुष्य. ताणलेलं, कामाला जुंपलेलं. दगडी कमानीतला एकूण एक दगड पाचरीसारखा घडवलेला असतो. खाली लाकडाचा आधार देऊन ते रचतात, शेवटी मधला कळीचा दगड बसवतात आणि मग आधार काढून घेतात. त्या क्षणापासून प्रत्येक दगड शेजाऱ्याच्या अंगावर रेलून उभा असतो. सगळ्यांना पडायचं आहे आणि म्हणूनच कोणाला पडता येत नाही. आमच्या एकत्र कुटुंबाची घडी हीच होती. नगरला किल्ल्याजवळ दमडी मशीद आहे, १५६७ च्या सुमाराची. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी एकेक दमडी काढून ती बांधली अशी कथा सांगतात. तिच्या कमानींवरचं दगडी नक्षीकाम बघताना माणूस बोलायचं विसरतो. दमडी दमडी करून बांधलेली कमान ती, आणि हजारो रुपये घालून चिकटवलेली कमान ही!

उलट ज्यांना कमान करायची नव्हती त्यांनी ती केली नाही आणि त्यांचं काही अडलंही नाही. भंडारदऱ्याच्या पलीकडे रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ आहे. दगडाच्या खांबांवर दगडाच्या आडव्या तुळया. हजारेक वर्षं पाऊस खाऊन ते उभं आहे. त्याच्या आडव्या तुळईला कोणी आजवर "लूक नाही" म्हटलेलं ऐकलं नाही. आणि कमानच बघायची असली तर तिथून वर रतनगडावर जावं. माथ्यावर नेढं आहे, खडकाला वाऱ्यापावसाने पाडलेलं आरपार भोक. त्यात बसलं की एकीकडून वारा येतो आणि दुसरीकडे टोपी जाते. निसर्गाने कमान केली ती मोकळी ठेवली. आत भिंत बांधली नाही.

इथे आमच्या शेजारच्या गुरुजींनी मला अडवलं. निवृत्त माणूस, वाचन दांडगं, आणि समोरचा रंगात आला की नेमका मुद्दा काढायची खोड. म्हणाले, "अहो, पण आपल्या वाड्यांतल्या महिरपी? दोन खांबांच्या मधे ती लाकडी नक्षीची कमान असते ती कुठं भार घेते? भार घेते वरची तुळई. महिरप आपली खाली लोंबते. शब्दसुद्धा आपला नाही, मेहराबवरून आलेला. मग पेशव्यांनी सागवानात खोटी कमान केली तर ती संस्कृती, आणि तुमच्या पुतण्याने पीव्हीसीत केली तर पाप?"

मुद्दा बिनतोड होता, हे कबूल केलं पाहिजे. मी पान लावायला घेतलं. वादात अडचण आली की पान लावावं. चुना लावेपर्यंत उत्तर सुचतं आणि न सुचलं तर तोंडात पान असल्यामुळे बोलता येत नाही असं दाखवता येतं. या वेळी कात घालेपर्यंतच सुचलं. म्हटलं, गुरुजी, महिरप भार घेत नाही हे खरं. पण महिरपीखालून माणूस जातो! तिच्याखाली ओटी असते, चौक असतो, संध्याकाळचं ऊन असतं. ती मोकळ्या जागेला दिलेली कड आहे. आमची ही पट्टी भिंतीवर भिंतीला दिलेली कड आहे. महिरप घरात, छपराखाली असते. तिला कोणी आषाढात पावसात उभी करत नाही. आणि महिरप कोरायला गावचा सुतार महिना-महिना बसायचा. त्याच्या पोराच्या हाताला पटाशी कळायची. आमच्याकडे रंधा दोन ठिकाणी असतो, एक सुताराच्या हातात आणि एक प्रवरेच्या पात्रात धबधब्याच्या रूपाने. दुसरा बघायला पर्यटकांची रीघ लागते. पहिला केव्हा बंद पडला हे कोणाला कळलंसुद्धा नाही.

गुरुजी म्हणाले, "हं." गुरुजींचं 'हं' म्हणजे पूर्ण मान्यता नव्हे, पण तहकुबी.

आता साक्षीदाराला बोलवू. तीन फुटी खिडकीवर अर्धगोल काढायचा तर तो खिडकीच्या वर दीड फूट चढतो. त्या दीड फुटात, अगदी बुडाशी, छज्जा आहे. पुतण्याच्या चित्रातल्या घराला छज्जा नव्हता, कारण ते घर ज्या देशातलं होतं तिथे बहुधा पावसाला आमच्याइतका वेळ नसावा. तेव्हा पुतण्या सहज म्हणाला, "छज्जा तोडू. आजकाल कोणी ठेवत नाही."

छज्जा तोडू! राजूरला! अहो, आमच्याकडे डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. ती जनावरं पाहिली आहेत का कधी? त्यांच्या कातड्याला एक तेलकट अंश असतो, त्यामुळे चार-चार महिने मुसळधार पावसात भाताच्या खाचरांत उभी राहिली तरी त्यांचं फारसं बिघडत नाही. या मुलखात बैलाच्या कातडीलासुद्धा पावसाची अक्कल आहे. जुन्या घरांच्या वळचणी बघा, पागोळी भिंतीपासून दोन हात लांब पडेल इतकं छप्पर खाली ओढलेलं. आणि आम्ही इंटीरियरच्या नावाने एक्स्टीरियरची छत्री मोडायची! छज्जा गेला की तिरका पाऊस थेट काचेवर, काचेच्या फटीतून आत आणि ओल थेट कपाटातल्या रेशनकार्डापर्यंत.

पट्टीची बाजू घेणारे यावर म्हणतात की, पीव्हीसीला पाण्याने काही होत नाही. खरं आहे. ते फुगत नाही, कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. आषाढात आमची लाकडी दारं फुगून बसतात, खांद्याने धडक मारल्याशिवाय उघडत नाहीत आणि उघडली की मिटत नाहीत. त्या मानाने प्लास्टिकची खिडकी सुखाची, हे मी कोणत्याही कोर्टात सांगेन. पण पट्टीला काही होत नाही म्हणून तिच्या मागच्या भिंतीला काही होत नाही असं थोडंच आहे? शिवाय पाण्याला न भिणारं पीव्हीसी उन्हाला मात्र लाजतं. गारठ्यात आखडतं, उन्हात पसरतं. दहा फुटांची पट्टी तीस अंशांच्या फरकाने जवळजवळ पाच मिलिमीटर कमीजास्त होते. आमच्याकडे डिसेंबरची पहाट आणि एप्रिलची दुपार यांत तीस अंशांचा फरक सहज पडतो. भिंत हलत नाही, पट्टी हलते, आणि मधे चिकटवलेला चिकटा बिचारा दोघांची समजूत घालत बसतो. दोन पावसाळे घालतो. तिसऱ्या पावसाळ्यात फट पडते, फटीत पाणी जातं, पाण्यामागून शेवाळ येतं आणि पांढऱ्याशुभ्र कमानीला हिरवी मिशी फुटते.

इथपर्यंत सगळा मामला हसण्यावारी नेण्यासारखा होता, आणि मी नेतही होतो. पण दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. पावसाळ्यात राजूरची वीज गेली याची बातमी होत नाही, आली तर होते. पिस्तूल बंद पडलं. पुतण्याबरोबर मदतीला एक मुलगा आला होता, वय एकोणीस-वीस. पुतण्या मोबाइलला रेंज कुठे येते ते बघायला शाळेच्या माळावर गेला होता. काम थांबलं तर आपली रोजी बुडेल या विचाराने त्या पोराने परसातली पाणी तापवायची चूल पेटवली आणि पट्टी जाळावर धरून फिरवायला सुरुवात केली. प्लंबर पाइप तापवतात तसं. त्याला कोणी शिकवलं नव्हतं, कोणी अडवलंही नव्हतं.

चुलीच्या जाळाला दीडशे अंश म्हणजे काय ते कळत नाही. पट्टी आधी पिवळी झाली, मग तपकिरी, आणि मग परसात असा काही उग्र वास पसरला की आमच्या कोंबड्या तिथून निघून गेल्या. पीव्हीसी दोनशेच्या आसपास गेलं की ते नुसतं नरम होत नाही, मोडू लागतं आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. हा वायू ओलाव्यात विरघळला की त्याचं होतं हायड्रोक्लोरिक ॲसिड. संडासाच्या फरश्या घासायला आणतो ना बाटलीतून, तेच. आणि माणसाचं नाक, घसा, डोळे हे सगळे ओलेच असतात. पोरगा डोळे पुसत खोकत होता आणि खोकत खोकत पट्टी फिरवत होता, कारण मधेच सोडली तर वाक बिघडतो. वहिनी धावत गेली, त्याच्या हातातली पट्टी काढून घेतली, त्याला पुढच्या पडवीत वाऱ्याला बसवलं, डोळ्यांवर पाणी मारलं. अर्ध्या तासाने त्याचा आवाज फुटला. पहिलं वाक्य काय म्हणाला? "मावशी, एक पट्टी वाया गेली. दादा पैसे कापतील."

माझा मुद्दा खरं म्हणजे एवढाच आहे. चित्रात कमान दिसते, कमानीखालचा मुलगा दिसत नाही. दमडी मशिदीच्या मजुराने स्वतःच्या कमानीसाठी दमडी दिली असेल. इथे दुसऱ्याच्या कमानीसाठी या मुलाने आपला घसा द्यायचा, तोही भिंतीवरच्या खोट्या भुवईसाठी. ज्यांना हौसच दांडगी आहे त्यांनी पट्टी वाकवण्याच्या भानगडीत न पडता मोठ्या पत्र्यातून, म्हणजे बोर्डातून, कमानीचा आकार करवतीने कापून घ्यावा. तीन-चार तुकडे जोडून होतो. थोडा माल फुकट जातो, पण नाकातोंडात काही जात नाही. (नाकाला फडकं बांधा, भुसा उडतो.) वाकवायचीच असेल तर तापमान मोजणारी साधनं असलेल्या कारखान्याकडून वाकवून आणावी. आणि खरी कमान हवी असेल तर बांधतानाच गवंड्याला सांगावं. विटांची कमान करणारे गवंडी अजून आहेत. खाली सेंट्रिंग देतील, विटा उभ्या लावतील, आणि तिच्या आत भिंत नव्हे, काच बसेल. तिच्यावर छज्जा हवा तर तोही वरच्या बाजूला काढून देतील. मागून चिकटवायला मात्र येणार नाहीत. त्यांचं तसं शिक्षण नाही.

राहता राहिला आमच्या नऊ खिडक्यांचा निकाल. तो मी दिला नाही आणि पुतण्यानेही दिला नाही, वहिनीने दिला. पुतण्या माळावरून परत आल्यावर तिने त्याला समोर बसवून चहा दिला आणि म्हणाली, "हे बघ बाळा, तू वर्षातून चार दिवस येतोस, ते चार दिवस तुला बाहेरून घर दिसतं. मला बाराही महिने आतून दिसतं. मला छज्जा पाहिजे. त्याच्याखाली माझी कोथिंबिरीची कुंडी आहे. आणि त्या पोराची दोन दिवसांची पूर्ण रोजी दे, पट्टी धरून." पुतण्या काही बोलला नाही. पुण्यात तो गिऱ्हाइकांना तासन् तास पटवतो म्हणे. आईपुढे त्याचं इंटीरियर चालत नाही.

तोवर तयार झालेल्या एका कमानीचं काय करायचं हा प्रश्न होता, ती गुडघेदुखीवाली. फेकून द्यायचं वहिनीच्या जिवावर आलं. शेवटी भावाने ती परसातल्या कोंबड्यांच्या खुराड्याच्या दारावर ठोकली. माप थोडं मोठं होतं, म्हणून दोन्हीकडून कापावी लागली. सुतारमामा परवा फळ्या घेऊन चालले होते, ते कुंपणाशी थांबून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "डावीकडं बोटभर खाली आलीय."

"मामा, नीट करून देता का?"

"देतो की," मामा म्हणाले, "पण आधी तिला काढायला लागंल. कोंबड्या सवयीनं जायला लागल्यात तिच्याखालून, दोन दिवस अंड्यांचा भरवसा नाही. विचारा वैनींना."

वहिनीने नको म्हणून सांगितलं.